पेंटेकॉस्ट समजून घ्यायचा तर शेताच्या धुऱ्यावरून सुरुवात करा

सलाम ताई. यवतमाळ जिल्ह्यातल्या तुमच्या गावी तुम्ही शब्बाथ शाळा घेता. मुलांना नीट सांगता यावं म्हणून तुम्ही विचारलंत की ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणारा पेंटेकॉस्ट हा मुळात यहुद्यांचा सण की ख्रिस्ती लोकांचा, आणि त्याची तारीख दरवर्षी का सरकते. तिसरी गोष्ट तुम्ही शेवटी लिहिलीत, पण पत्र तिच्यासाठीच लिहिलेलं दिसतं. उन्हाळी सभेला आलेल्या एका प्रचारकाने सांगितलं, ज्याला अन्य भाषा, म्हणजे आत्म्याच्या प्रेरणेने न शिकलेल्या भाषेत बोलणं, आली नाही त्याला पवित्र आत्मा मिळालाच नाही. तेव्हापासून तुमच्या मंडळीतली एक आजी रडते आणि म्हणते, "मले त थे भाषा येत नाही, मंग माह्यात आत्मा नाहीच काय?"

आधी आजीचं बोलू. सणाचा इतिहास आठवडाभर थांबला तरी चालेल. तिला करिंथकरांस पहिल्या पत्राचा बारावा अध्याय वाचून दाखवा. तिसऱ्या वचनात प्रेषित पौल म्हणतो, पवित्र आत्म्यावाचून कोणालाही 'येशू प्रभू आहे' असं म्हणता येत नाही. आजी हे रोज म्हणते. त्याच अध्यायाच्या शेवटाकडे पौल विचारतो, सगळेच प्रेषित आहेत काय, सगळेच निरोगी करतात काय, सगळेच अन्य भाषा बोलतात काय? या प्रश्नांचं उत्तर 'नाही' हेच आहे. मग रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय काढा. देवाला 'अब्बा, बापा' अशी हाक आपण ज्याच्यामुळे मारतो तोच आत्मा, आणि नेमकं काय मागावं हे कळत नाही तेव्हा शब्दांत न येणाऱ्या कण्हण्याने आपल्यासाठी विनंती करणाराही तोच. आजीला हे अगदी ठामपणे सांगा. पवित्र आत्मा तिच्यात आहे, आणि कोणा प्रचारकाच्या एका वाक्याने तो निघून जात नाही.

आता गोंधळ होतो कुठे ते सांगतो. सभांमध्ये प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा दुसरा अध्याय उघडतात, पहिली चार वचनं वाचतात, नाद, वारा, अग्नीच्या जिभा, अन्य भाषा, आणि तिथेच पुस्तक मिटतं. अध्यायात 47 वचनं आहेत. आणि त्या दिवसाची खरी सुरुवात तर त्याहून फार मागे आहे, जुन्या करारातल्या लेवीय या पुस्तकाच्या 23व्या अध्यायात, उभ्या पिकाच्या शेतात. मागचं शेत आणि पुढची 43 वचनं सोडून दिली की मधल्या चार वचनांतून कोणीही काहीही काढू शकतो.

तर शेतापासून सुरू करू. वल्हांडण म्हणजे मिसरातल्या गुलामीतून सुटल्याची आठवण. त्या सणात इस्राएली लोक नव्या सातूची पहिली पेंढी देवापुढे ओवाळत. त्या दिवसापासून पूर्ण सात आठवडे मोजायचे, आणि पन्नासाव्या दिवशी नव्या गव्हाच्या पिठाच्या दोन भाकरी आणायच्या. पेंटेकॉस्ट म्हणजे तोच पन्नासावा दिवस, आणि नाव ग्रीक आहे. जुन्या करारात त्याची नावं वेगळी आहेत. निर्गमच्या 23व्या अध्यायात तो कापणीचा सण आहे, अनुवादच्या 16व्या अध्यायात सप्ताहांचा सण, गणनाच्या 28व्या अध्यायात प्रथम उत्पन्नाचा दिवस. यरुशलेमेला जाऊन पाळायच्या तीन मोठ्या सणांपैकी हा एक. दोन्ही भाकरी खमीर घालून भाजायच्या, हे मला फार लक्षणीय वाटतं, कारण वेदीवर जळणाऱ्या अन्नार्पणात खमीर चालत नसे. इथे मात्र घरात रोज खातात तशीच भाकर देवापुढे येते. काही उपदेशक सांगतात की एक भाकर यहुद्यांची आणि दुसरी परराष्ट्रीयांची. ऐकायला ते छान आहे, पण शास्त्रात तसं कुठे म्हटलेलं नाही, म्हणून मुलांना ते पक्कं म्हणून शिकवू नका.

मुलं एक प्रश्न हमखास विचारतील. आपला गहू तर पाडव्याच्या आसपास घरात येतो आणि मे महिन्यात वावर नांगरून काळंभोर पडलेलं असतं, मग कापणीचा सण तेव्हा कसा? त्यांना सांगा की त्या देशात पाऊस हिवाळ्यात पडतो. पेरणी हिवाळ्याच्या तोंडावर होते, सातू एप्रिलच्या सुमारास पिकतो आणि गहू त्याच्यामागून मे-जूनपर्यंत. तिथे सातूच्या पहिल्या पेंढीपासून गव्हाच्या कापणीपर्यंत सात आठवड्यांचा हंगाम असे आणि दर दिवस मोजला जाई. ज्याच्या घरचं पोट पिकावर आहे त्याला ही मोजणी समजावून सांगावी लागत नाही.

आता लेवीय 23चं बाविसावं वचन. सणाचे नियम सांगून झाले आणि लगेच पुढचं वाक्य येतं ते असं, की कापणी कराल तेव्हा शेताच्या कडेकोपऱ्यापर्यंत पीक कापू नका, सरवा, म्हणजे कापताना मागे पडलेलं, वेचून घेऊ नका, तो गरिबासाठी आणि परदेशीयासाठी राहू द्या. बाकीच्या सणांच्या नियमांमध्ये असं वचन येत नाही. ते या सणालाच जोडलेलं आहे. म्हणजे देवापुढे दोन भाकरी आणि धुऱ्याजवळ गरिबाचा वाटा, दोन्ही मिळून हा सण. रूथची गोष्ट तुमच्या मुलांना माहीत असेल. मवाबातून आलेली परकी विधवा बवाजाच्या शेतात सरवा वेचते, आधी सातूच्या कापणीत, मग गव्हाच्या कापणीत. यहुदी लोक आजही या सणाला सभास्थानात रूथचं पुस्तक वाचतात. आपल्याकडे तूर सोंगून झाल्यावर, कापसाची शेवटची वेचणी झाल्यावर बाया उरलंसुरलं वेचायला जातात, त्या गावात तर रूथ समजवायला फळ्याचीही गरज नाही.

अनुवादच्या 16व्या अध्यायात याच सणासाठी आणखी एक आज्ञा आहे. आनंद करा, पण कोणी? तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, तुझा दास, तुझी दासी, तुझ्या गावातला लेवी (मंदिराच्या सेवेतल्या वंशाचा माणूस), आणि परका, अनाथ, विधवा. ही यादी वहीत लिहून ठेवा. कारण कृत्यांच्या दुसऱ्या अध्यायातल्या त्या सकाळी यरुशलेमेत प्रेषित पेत्र उभा राहिला तेव्हा त्याने योएल संदेष्ट्याचं जे वचन म्हटलं त्यातही यादी आहे. देव म्हणतो, मी सर्व मनुष्यांवर माझ्या आत्म्याचा वर्षाव करीन. तुमचे मुलगे, तुमच्या मुली, तरुण, वृद्ध, आणि दास व दासी यांच्यावरही. मुलगा, मुलगी, दास, दासी हे चारही जण दोन्ही याद्यांत आहेत. ज्यांना सणाच्या जेवणात सामील करून घ्यायचं होतं त्यांच्यावरच आता आत्मा ओतला जातो. सालदार आणि धुणीभांडी करणारी बाई या यादीत नावाने आहेत असं मी व्यासपीठावरून नेहमी सांगतो, आणि सांगताना माझा आवाज भरून येतो.

यहुदी परंपरेत पुढे या सणाला आणखी एक अर्थ जोडला गेला. इस्राएली लोक मिसरातून निघाल्यावर तिसऱ्या महिन्यात सीनाय पर्वतापाशी आले आणि तिथे त्यांना नियमशास्त्र मिळालं, म्हणून सप्ताहांचा सण म्हणजे नियमशास्त्र मिळाल्याची आठवण. इ.स. 70 मध्ये रोमी सैन्याने मंदिर पाडलं, भाकरी ओवाळायला जागा उरली नाही, आणि मग हा अर्थच मुख्य होत गेला. सीनायवर अग्नी उतरला होता आणि मोठा नाद झाला होता, तेव्हा कृत्यांचा दुसरा अध्याय वाचताना तो डोंगर आठवतोच. सीनायपाशी लोकांनी सोन्याचं वासरू करून पुजलं त्या पापामुळे सुमारे 3000 मेले आणि पेंटेकॉस्टच्या दिवशी सुमारे 3000 जणांचा बाप्तिस्मा झाला, हे जोडूनही पुष्कळदा सांगतात. कृत्यांचं पुस्तक लिहिणाऱ्या लूकने स्वतः तसा संबंध दाखवलेला नाही. मोठ्यांच्या वर्गात सांगायला हरकत नाही, लहानांना मी सांगत नाही.

आता तो दिवस. साल इ.स. 30च्या आसपासचं. प्रभू वधस्तंभावर मेला, उठला, 40 दिवस शिष्यांना दिसत राहिला आणि मग वर घेतला गेला. जाताना त्याने सांगितलं की यरुशलेम सोडू नका, वाट पाहा. सुमारे 120 जण वाट पाहत होते. त्यांत फक्त बारा प्रेषित नव्हते. येशूची आई मरीया होती, त्याचे भाऊ होते, गालिलाहून मागे आलेल्या बाया होत्या. सण असल्यामुळे शहर बाहेरगावच्या लोकांनी भरलेलं. सकाळी अकस्मात सुसाट वाऱ्याच्या नादासारखा नाद झाला, अग्नीच्या जिभांसारख्या जिभा दिसल्या आणि प्रत्येकावर एक एक बसली. लूक 'सारखा', 'सारख्या' असं म्हणतो, तेव्हा चित्र काढताना मुलांनी डोक्यावर ज्वाळा काढल्या तर काढू द्या, पण घराला आग लागली होती असं सांगू नका. आणि वचन म्हणतं ते 'सर्व जण' आत्म्याने भरले. बाया वगळून कोणी भरलं नाही.

पुढे लूक लोकांची आणि देशांची नावं देतो, आणि वाचणारे ती अवघड नावं भराभर उरकून टाकतात. तसं करू नका. पार्थी, मेदी, एलामी म्हणजे आजच्या इराणकडचे. मेसोपटेम्या म्हणजे इराक. कप्पदुकिया, पंत, फ्रुगिया, पंफुल्या हे सगळं आजच्या तुर्कस्तानात. मग मिसर, लिबिया, रोम, क्रेत, अरबस्तान. हे सगळे यहुदी किंवा यहुदी धर्म स्वीकारलेले लोक, पण पिढ्यान्‌पिढ्या दूरदेशी राहिलेले. त्यांना आश्चर्य कशाचं वाटलं? बोलणारे गालिली होते, ज्यांची बोली शहरातले लोक लगेच ओळखत. पेत्र तर अंगणात शेकत बसला असता त्याच्या बोलण्यावरूनच ओळखला गेला होता. असे हे खेडवळ गालिली, आणि ऐकणारा प्रत्येक जण म्हणतो, मी तर माझ्या जन्मभाषेत ऐकतो आहे! काहींनी थट्टा केली की हे दारू प्यायले आहेत, आणि पेत्राने साधं उत्तर दिलं की आत्ता तर सकाळचे नऊ वाजलेत.

माझ्या दृष्टीने पेंटेकॉस्टचं गाभ्यातलं आश्चर्य इथे आहे. देवाने सगळ्यांना एकच भाषा शिकवली नाही. यरुशलेमच्या मंदिराची भाषा शिका, मग ऐका, असं म्हटलं नाही. बाबेलच्या बुरुजापाशी भाषा फुटल्या होत्या आणि माणसं पांगली होती. इथे भाषा तितक्याच राहिल्या, पण माणसं एकत्र आली. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीकडे गोंडी आणि माडिया, तुमच्याकडे कोलामी, तांड्यावर गोरमाटी, आणि घरोघरी वऱ्हाडी. एवढ्या भाषांचा मुलूख आपला, आणि तरीही कितीतरी म्हातारी माणसं प्रार्थनेत तोंड उघडत नाहीत, कारण पुस्तकातली शुद्ध मराठी येत नाही. पाळकासारखं बोलता आलं नाही तर देव ऐकत नाही असं त्यांना वाटतं. कृत्यांचा दुसरा अध्याय त्यांच्या बाजूने उभा आहे. "देवा, माह्या लेकराले सांभाळजो" ही पूर्ण प्रार्थना आहे.

मग पेत्राचा उपदेश, मग पश्चात्ताप आणि बाप्तिस्मा, आणि मग अध्यायाची शेवटची सहा वचनं, ज्यांच्यावर सभांमध्ये मी फारच क्वचित उपदेश ऐकला आहे. त्या तीन हजारांनी अन्य भाषा बोलल्याचं लूक लिहीत नाही. तो लिहितो की ते प्रेषितांच्या शिक्षणात, सहवासात, भाकर मोडण्यात आणि प्रार्थनेत टिकून राहिले. त्यांनी जमीनजुमला विकून ज्याची जशी गरज तसं वाटून दिलं. चौथ्या अध्यायात तो आणखी स्पष्ट सांगतो, त्यांच्यात कोणी गरजू नव्हता. लेवीयमधला तो धुऱ्याजवळचा वाटा इथे घरादारापर्यंत पोचला. म्हणून पन्नासावा दिवस यहुद्यांचा की ख्रिस्ती लोकांचा, याचं माझं उत्तर असं: सण यहुद्यांचा आहे आणि आजही ते तो पाळतात, त्याच सणाच्या दिवशी ख्रिस्ती मंडळीचा जन्म झाला. जुनं पुसून टाकून नवं आलं असं मुलांना शिकवू नका. पौल स्वतः पुढे कितीतरी वर्षांनी पेंटेकॉस्टला यरुशलेमेत पोचण्याची घाई करत होता, हे कृत्यांच्या विसाव्या अध्यायात आहे.

त्या प्रचारकाच्या बाजूचंही न्यायाने सांगितलं पाहिजे. कर्नेल्य या रोमी अधिकाऱ्याच्या घरी आणि इफिसात आत्मा आला तेव्हा लोक अन्य भाषा बोलले, असं कृत्यांमध्ये आहे. त्यावरून पेंटेकॉस्टल मंडळ्या ते आत्म्याच्या बाप्तिस्म्याचं चिन्ह मानतात. त्यांचा विश्वास प्रामाणिक आहे आणि खेड्यापाड्यांत आजाऱ्यांसाठी प्रार्थना करायला त्यांचे लोक रात्रीबेरात्री जातात, हे मी पाहिलेलं आहे. अन्य भाषांना मनाई करू नका असं पौलही म्हणतो. पण तोच म्हणतो की मंडळीत अन्य भाषेतल्या दहा हजार शब्दांपेक्षा समजतील असे पाच शब्द बरे, आणि अर्थ सांगणारा नसेल तर बोलणाऱ्याने गप्प राहावं. दान देणारा आत्मा ज्याला जे हवं ते वाटून देतो. एकाच दानावर सगळ्या मंडळीची परीक्षा घेण्याचा अधिकार कोणाला दिलेला नाही. परीक्षाच घ्यायची तर गलतीकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातलं फळ पाहा: प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन.

आणि यासाठी दूर जायची गरज नाही. 1905 साली पुणे जिल्ह्यात केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये मोठं आत्मिक जागरण झालं. मुली रडत, पापं कबूल करत, तासन्‌तास प्रार्थना करत. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवरच्या ज्या सभांपासून जगभरच्या पेंटेकॉस्टल चळवळीची गोष्ट सांगतात, त्या सुरू झाल्या 1906 मध्ये, म्हणजे केडगावनंतर. त्या मुलींपैकी अनेक जणी दुष्काळातून वाचवून आणलेल्या. रमाबाईंनी 1897च्या सुमारास मध्य प्रांतातल्या दुष्काळातूनही मुली आणल्या होत्या. केडगावात अन्य भाषाही बोलल्या गेल्या आणि रमाबाईंनी त्यांना नाकारलं नाही. तरीही आत्म्याने भरल्याची सर्वांत आवश्यक खूण त्यांनी प्रीती हीच मानली. तुमच्या मंडळीत कोणी पेंटेकॉस्टल अनुभवाचा मोठेपणा सांगू लागलं, तर रमाबाईंचं नाव आदराने पुढे ठेवा. त्या दोन्ही बाजू जाणत होत्या.

तारखेचं थोडक्यात. पुनरुत्थानाचा रविवार, म्हणजे ईस्टर, हा पहिला दिवस धरून पन्नासावा मोजायचा, म्हणून आपला पेंटेकॉस्ट नेहमी रविवारीच येतो. ईस्टर चंद्रावरून ठरतो आणि सरकतो, त्याच्यासोबत हाही सरकतो. 10 मे ते 13 जून यांच्यामध्ये कुठेही येऊ शकतो. 2025 मध्ये तो 8 जूनला होता, 2026 मध्ये 24 मे आणि 2027 मध्ये 16 मे. यहुदी लोक आपल्या महिन्यांप्रमाणे मोजतात, त्यामुळे दोन्हींचा दिवस बहुधा वेगळा पडतो. सुरुवातीच्या मंडळीत तर हे सगळे पन्नास दिवस मिळून एकच आनंदाचा काळ असे. त्या काळात उपास नाही, गुडघे टेकून प्रार्थना नाही, उभं राहून करायची. 325 साली नायसियाला बिशपांची परिषद भरली, तिने उभं राहून प्रार्थना करण्याचा नियमच केला.

तुमच्या शेजाऱ्यांना हा सण माहीत नाही, यात त्यांचा दोष नाही. आपल्याच अनेक मंडळ्या तो पाळत नाहीत. विदर्भात वेगवेगळ्या मिशनांनी वेगवेगळे भाग धरून काम केलं आणि प्रत्येकाच्या सवयी मागे राहिल्या. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. तिथे आणि कॅथलिक देवळांत हा दिवस पंचांगात आहे, वेदीवर लाल वस्त्र येतं. इतर काही ठिकाणी तो साध्या रविवारासारखा निघून जातो. लाल कापड नसेल तर नसू द्या.

तुमच्या गावी काय करता येईल ते सांगतो. ईस्टरलाच मुलांकडून भिंतीवर पन्नास रेघांचा तक्ता करून घ्या, त्या दिवसापासून रोज एक रेघ भरायची. सणाच्या उपासनेत कृत्ये 2, पहिल्यापासून शेवटच्या वचनापर्यंत वाचा, आणि पाचवं ते अकरावं वचन गावात ज्या ज्या भाषा आहेत त्या बोलणाऱ्यांकडून त्यांच्या भाषेत सांगून घ्या, एकामागून एक, प्रत्येकाला समजेल असं. मग लेवीय 23:22 आणि अनुवाद 16:11 मुलांनी म्हणावं. दोन घरांतून भाकरी येऊ द्या, आणि उपासना झाल्यावर त्या सगळ्यांनी वाटून खाव्या.

आणि एक काम मंडळीच्या वडीलजनांकडून करून घ्या. हा सण आपल्याकडे येतो तो बहुतेक घरांत हात सर्वांत आखडलेला असतो तेव्हा. मृग तोंडावर, बी-बियाणं आणि खत घ्यायचं, मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च, आणि कापसाचे पैसे कधीच संपलेले. ज्या घरी कर्ता माणूस गेला आहे तिथे तर पेरणीच अडते. आपल्या मंडळ्यांत वेगळा कापणीचा सण करतात, त्यात धान्याचा लिलाव होतो तसा इथे नको. ज्यांच्या घरी गहू, ज्वारी, तूर शिल्लक आहे त्यांनी पायली-दोन पायली द्यावी, नोकरदारांनी एका बियाण्याच्या पिशवीचे पैसे द्यावे, आणि ते ख्रिस्ती असो वा नसो, गावातल्या गरजू घरी जावं, कारण लेवीयमध्ये परदेशीयाचाही वाटा सांगितला आहे. धान्य शनिवारी संध्याकाळीच पोचतं करा, दोघांनी जाऊन, आणि रविवारी देणाऱ्यांची किंवा घेणाऱ्यांची नावं वाचू नका.